डावखुरी रायफल

रायफल डावखुरी निघाली, ही बातमी सकाळची पहिली कॉफी संपायच्या आत घरभर झाली. ती जोलीननं आणली. आपण कार्यशाळेत स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेलो होतो, असं तिचं म्हणणं. स्वयंपाकघराच्या खणात स्क्रू-ड्रायव्हर असतात हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ते ठाऊक आहे हे बाकीच्यांनाही ठाऊक होतं. पण कुणी तिला तसं बोलून दाखवलं नाही. आज ना उद्या प्रत्येकाला तिथं काही ना काही शोधायला जायचंच होतं.

"गोळी आत सारायच्या बोल्टची मूठ डावीकडे आहे," ती खुर्चीत बसत म्हणाली. "मी हात लावला नाही. नुसता कपडा थोडा सरकवला."

तिचा नवरा कर्टिस पावाला लोणी लावत होता. सुरी तशीच धरून तो बायकोच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. त्याच हातात तिनं कप धरला होता.

टोलेफसनांच्या घरात एक रीत होती. कारागीर आपली शेवटची रायफल ज्याच्यासाठी करतो, त्याच्याकडे कार्यशाळा जाते. म्हाताऱ्या नील्सनं शेवटची रायफल आपल्या मुलासाठी, ऑरिनसाठी केली. ती त्याच्या हातात देताना तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गळ घेऊन नदीवर गेला आणि पुन्हा कानशीला हात लावला नाही. वकिलाचे कागद नंतर झाले, पण ते घरात कुणाच्या लक्षातही नाहीत. त्याच ऑरिननं ह्या एप्रिलमध्ये जेवता जेवता सांगितलं होतं, की बाकावर आहे ती आता शेवटची. कुणासाठी, ते सांगितलं नाही. मांस कापत राहिला.

अंगावर बेतलेली रायफल ही शिवलेल्या कोटासारखी असते. हात केवढा, मान केवढी, गाल कुठं टेकतो, खांद्याला मांस किती, हे सगळं दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, लाकडात उतरतं. त्यामुळे नाव सांगायची गरजच नसते, वाचता येणाऱ्याला लाकूड सांगतं. टोलेफसनांच्या घरात ते सगळ्यांनाच वाचता येत होतं. मात्र गेले सहा महिने ऑरिन नसला की कार्यशाळेला कुलूप असे, आणि असला की तो स्वतः समोर बसलेला असे.

आज सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम उघडण्याआधी सगळं कुटुंब जूडिथ नदीच्या खोऱ्यातल्या ह्या जुन्या घरी जमून आपापल्या बंदुकांचं निशाण जुळवून घेई. न्याहारीच्या आधीच ऑरिन म्हणाला की गॅस संपलाय, आणि ट्रक घेऊन गावाकडे गेला. कुलूप लावायला विसरला. ऑरिन टोलेफसन कधी काही विसरतो का, हा प्रश्न त्या घाईत कुणालाच पडला नाही.

कर्टिसनं बायकोला फराळाच्या कोठीत नेलं आणि दार लोटून घेतलं. तो ऑरिनचा थोरला. बिलिंग्जला त्याचं दुकान होतं. पाण्यात पडली तर तरंगणारी पेटी, ट्रक वरून गेला तरी न फुटणारी विजेरी, अस्वलाला न उघडता येणारा डबा असल्या दणकट सामानाचं. तो स्वतः त्या दुकानाची चालती जाहिरात होता. त्याच्या विजारीचे खिसे बघून थोरा आत्या एकदा म्हणाली होती, की ह्यातल्याच एखाद्या खिशात तू हरवशील आणि शोधायला तुझीच विजेरी लागेल.

त्यानं सगळा बेत कुजबुजत मांडला. टोलेफसन हे नाव नुसत्या रायफलींवर वाया चाललंय. वर्षाला चार-पाच रायफली, त्याही अशा लोकांना, जे त्या कुणाला दाखवत नाहीत. तेच नाव पिशवीवर, सुरीवर, कॉफीच्या मगावर टाकलं तर देशभर पोचेल. कार्यशाळेची पुढची भिंत पाडून काच लावता येईल. लोक काचेतून बहिणीला, सोलवेगला, काम करताना बघतील.

"सोलवेगला विचारलंस?" जोलीननं विचारलं.

"तिला काय विचारायचं? ती तर आहेच."

जोलीनचं अर्धं लक्ष नव्हतं. ती वेगळ्याच गोष्टीत अडकली होती. ह्या घरात आल्यापासून सासऱ्यानं तिच्या नेमबाजीबद्दल एकच वाक्य उच्चारलं होतं, की ती चाप ओढताना डोळे मिटत नाही. तेही तिला नव्हे, कुत्र्याला ऐकवल्यासारखं. त्या माणसानं आपल्यासाठी लाकूड निवडलं असेल, संध्याकाळच्या संध्याकाळ आपला खांदा मनात धरून पटाशी चालवली असेल, ह्या विचारानं तिला एकदम बसावंसं वाटलं. ती बटाट्यांच्या पोत्यावर बसली. कर्टिसला वाटलं ती मगांच्या रंगाचा विचार करतेय.

दोघं बाहेर आली तेव्हा आर्ने पोचला होता. धाकटा भाऊ. गावात त्याचा गुत्ता होता आणि जगात त्याला दोनच गोष्टींत रस होता, जुनी रिव्हॉल्व्हरं आणि त्यांच्याबद्दल ऐकून घेणारं माणूस. हातात लाकडी पेटी घेऊन तो स्वयंपाकघरात शिरताच थोरा आत्यानं त्याला बातमी सांगून टाकली. ऑरिनची ही बहीण पंचाहत्तरी ओलांडलेली होती. घरात भांडण पेटत नसेल तर तिला थंडी वाजायची.

"डावखुरी म्हणजे जोलीनचीच, असं ह्यांचं चाललंय," ती म्हणाली. "ह्याच्या डोळ्याची कुणाला आठवणच नाही."

कर्टिसला आठवण होती. म्हणूनच त्यानं विषय काढला नव्हता. आर्ने उजव्या हाताचा, पण त्याचा मालक डोळा डावा. माणसाचे दोन्ही डोळे सारखं बघत नाहीत. एक मालक असतो, दुसरा त्याच्या मागनं जातो. आर्ने सात वर्षांचा असताना बापानं त्याला डाव्या खांद्यावर बंदूक घ्यायला लावली होती. पोरगं रडलं, म्हणून ते सोडून दिलं. तेव्हापासून आर्ने रायफलीनं सदान्‌कदा उजवीकडे मारतो आणि रिव्हॉल्व्हर आपल्याला जास्त आवडतं असं सांगतो.

"लहानपणीचं काय सांगतेस, आत्या," कर्टिस म्हणाला. "डोळे बदलतात."

"मालक डोळा बदलत नाही. लावा पैज, आत्ता बघू."

मग सगळे प्रौढ, शहाणेसुरते टोलेफसन स्वयंपाकघरात रांगेनं उभे राहिले. दोन्ही हात पुढे, तळवे एकमेकांवर, मध्ये एक फट. फटीतून चुलीवरच्या कॉफीच्या किटलीकडे बघायचं आणि हात हळूहळू तोंडाशी आणायचे. फट ज्या डोळ्यावर येते तो मालक. जोलीनची डाव्यावर आली. कर्टिसची उजव्यावर आली आणि तो त्यावर रागावला, जणू हे त्याला आजच कळत होतं. आर्नेचे हात डुलत डुलत, नाकाला वळसा घालून डाव्या डोळ्यावर जाऊन थांबले. कर्टिसनं पुन्हा करायला लावलं. पुन्हा डावा. थोरा आत्यानंही करून बघितलं. तिची फट उजव्यावर आली. ती म्हणाली, माझं काही खरं नाही, मला सफरचंदाची पाई आणि खुर्ची सोडून आता काही नकोय.

आर्ने कार्यशाळेत गेला. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं नावही काढलं नाही. पाच मिनिटांनी नाक चोळत परत आला.

"आखूड आहे," तो म्हणाला. "खांद्याला लावली तर अंगठा नाकावर येतो. ही वाजली तर माझाच हात माझं नाक फोडेल."

"म्हणजे तुझी नाही," कर्टिस म्हणाला.

"जोलीनची तरी कुठं? ती माझ्या कानाएवढी आहे. तिलाही आखूड पडेल."

इथं कर्टिसला सुचलं. शर्टावर मापून चालणार नाही. एल्कच्या मागे जायचं ते नोव्हेंबरच्या बर्फात, अंगात जाड कोट. कोट दस्ता आणि खांदा ह्यांच्यामध्ये येतो, म्हणून बाबा दस्ता नेहमी तेवढा कमी ठेवतात. हे खरं होतं. ह्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट इतका वेळ कुणाला आठवली नाही, ह्याचीच लाज वाटावी. त्यानं लगेच गाडीतून आपला कोट आणला. दुकानातला, नवा, वजनाला काहीच नाही, पण ध्रुवावरही चालेल असा. थोरा आत्यानं बाही दोन बोटांत धरली आणि विचारलं, की हा कोट आहे का कांद्याची साल. शेवटी खुंटीवरचे जुने लोकरी कोट निघाले.

अर्ध्या तासात स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसत होतं, ते असं. बाहेर स्वच्छ ऊन, झाडं पिवळी, माणसं अर्ध्या बाह्यांत फिरण्याजोगी हवा. आणि अंगणातून एकामागून एक माणसं हिवाळी कोट चढवून कार्यशाळेत जातायत, घाम पुसत परत येतायत. जोलीनला कोटावर ती बरीचशी बसली, पण गाल नीट टेकेना. आर्ने एक कोट घालून आला आणि म्हणाला की आता आखूड वाटत नाही. मग दोन कोट घालून गेला आणि म्हणाला की आता तर बेताचीच आहे. कर्टिस त्याला म्हणाला, की अजून एक घाल म्हणजे ती तुला लांब पडेल.

हे सगळं चाललेलं असताना सोलवेग तव्यावर लेफ्से भाजत होती. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या उलटण्याची लांब काठी तिच्या हातात होती आणि तिची पाठ सगळ्यांकडे होती. ऑरिनची ही मधली मुलगी. स्पोकेन शहरातला संसार मोडून ती परत आली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून कार्यशाळेतलं दुसरं बाक तिचं होतं. ती बुटकी होती, उजव्या हाताची होती आणि तिचा मालक डोळा उजवा होता. किटलीकडे बघायला तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि तीही उठली नव्हती.

मात्र तिच्याशी बोलायला सगळे येऊन गेले. आधी कर्टिस. तो म्हणाला की काहीही झालं तरी तुझी जागा पक्की, तुझ्याशिवाय आमचं चालणारच नाही, आणि काचेमागे उजेड चांगला येतो. मग आर्ने दोन कोटांत घामाघूम होऊन आला. त्याचा बेत वेगळा होता. कार्यशाळेच्या अर्ध्या भागात टेबलं, भिंतीवर रिव्हॉल्व्हरं, आणि कोपऱ्यात सोलवेग आपलं काम करतेय. लोकांना असं वातावरण आवडतं. तिनं दोघांनाही गरम लेफ्से दिली, लोणीसाखर लावून. तोंड भरलं की माणूस निदान तेवढा वेळ गप्प बसतो.

जोलीन आली, तेव्हा मात्र ती नुसतीच शेजारी उभी राहिली. "ती माझी असेल तर," ती शेवटी म्हणाली, "मी घेणार नाही म्हणून सांगेन. मला ती हवीय, पण कार्यशाळा नकोय."

"रायफल चांगली आहे का?" सोलवेगनं विचारलं.

"मला तेवढं कळत नाही. तूच बघ ना."

ती गेल्यावर थोरा आत्या खुर्ची ओढत तव्याजवळ आली. भाचीनं एक पोळी उलटताना फाडली होती. असं सहसा होत नसे.

"तुझं बाक त्या बाकाला लागून आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "सहा महिन्यांत एकदाही कपडा उचलला नाहीस?"

"नाही."

"का गं?"

सोलवेगनं फाटलेली पोळी बाजूला काढली. "उचलला की कळणार. कळलं की दुसऱ्या दिवशी बाकावर बसता येणार नाही."

थोरा आत्यानं ती फाटकी पोळी खाऊन टाकली.

ऑरिन गॅसची टाकी घेऊन परतला. दाराशी त्यानं रिकाम्या खुंट्या बघितल्या, मग खुर्च्यांच्या पाठींवर वाळत पडलेले कोट बघितले. घरात कुणाला ताप आहे का, असं त्यानं विचारलं. कुणाला नव्हता. मग तो म्हणाला की चला तर, ऊन तिरपं व्हायच्या आत निशाणं बघून घेऊ.

घरामागच्या उतारावर, टेकाडाच्या पोटाशी फळ्या लावल्या होत्या. बंदुका टेकवायला लाकडी टेबल. एकावेळी एकानं मारायचं, बाकीच्यांनी मागे. ऑरिन नेहमीसारखा तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीशी बसला. ह्या वर्षी आपण मारणार नाही, गोळी कुठं लागली त्याच्या नुसत्या खुणा सांगणार, असं म्हणाला. रायफलींचं काम लवकर उरकलं. आर्नेच्या गोळ्या उजवीकडे गेल्या, कर्टिसनं आपल्या रायफलीवरची दुर्बीण किती उंचावरून पडली तरी हलत नाही हे सांगितलं, आणि जोलीननं एका नाण्याखाली झाकतील अशी तीन भोकं पाडून टेबल मोकळं केलं.

मग आर्नेनं पेटी उघडली आणि दोघा भावांचा दरवर्षीचा वाद सुरू झाला. आर्नेचं रिव्हॉल्व्हर पणजोबांच्या वेळचं. दर गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा आणि रिकामी टरफलं एकेक करून काडीनं ढकलायची. कर्टिस म्हणाला, तू सहा वाजवून पुन्हा भरेपर्यंत अस्वल जेवून हात धुवून जाईल. आर्ने म्हणाला, तुझ्या प्लास्टिकच्या पिस्तुलात गोळ्या भरपूर असतात कारण तुला त्या लागतात. इतक्यात थोरा आत्यानं एप्रनच्या खिशातून आपलं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याच्या मुठीला दवाखान्यातली पट्टी गुंडाळलेली होती. पाय नीट रोवायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं चक्रातल्या सगळ्या गोळ्या भाजी चिरावी तशा सावकाश फळीत घातल्या आणि विचारलं, की वाद मिटला असेल तर पाई कापायची का.

सगळे हसत होते. सोलवेग बापाकडे बघत होती.

तो दुर्बिणीत वाकून खुणा सांगत होता. एक वर, एक तीन वाजता, म्हणजे उजवीकडे, दोन मधोमध. खुणा बरोबर होत्या. पण वाकताना त्याच्या टोपीचा काठ दुसऱ्या बाजूनं दुर्बिणीला लागत होता. जन्मभर उजवा डोळा लावणारा तो डावा लावत होता.

सोलवेगला ज्यानं तळव्यांच्या फटीतून किटलीकडे बघायला शिकवलं, तो हाच माणूस. मालक डोळा जन्मभर बदलत नाही. बदलला, तर त्याला एकच कारण असतं, की मालकच उरला नाही. ती तशीच बघत राहिली. तो उठून टेबलाशी गेला. ते टेबल त्यानंच बांधलेलं, उभ्यानं कोपर टेकेल इतक्या उंचीचं. आता त्याची कड त्याच्या बरगड्यांशी येत होती. सकाळपासून ह्या घरात प्रत्येकानं प्रत्येकाचा हात, मान, खांदा, डोळा नजरेनं मापला होता. ज्यानं त्यांना मापायला शिकवलं, त्याच्याकडे पुन्हा कुणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांच्या मनात तो अजून सहा फूट होता.

पाईसाठी सगळे घराकडे वळले, तेव्हा ती कार्यशाळेत गेली आणि तिनं कपडा उचलला. तिला रायफल खांद्याला लावायची गरज नव्हती. ती नुसती दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेली, नळीच्या कडेनं नजर फिरवली, मग दस्त्याच्या मुठीवर, हात घसरू नये म्हणून, जाळी कोरण्यासाठी आखलेल्या पेन्सिलीच्या रेषा बघितल्या. रेषा अर्ध्यावर थांबल्या होत्या.

मागे दार लागलं.

"सगळ्यांत आधी कोण आलं?" ऑरिननं विचारलं.

"जोलीन."

"माझी पैज कर्टिसवर होती." तो तिच्या स्टुलावर बसला. स्वतःच्या नाही.

"डोळा कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. मधोमध डाग आहे. कडेनं दिसतं. तुझा चेहरा बघायचा तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

"डॉक्टर?"

"तो म्हणाला उशीर झाला. चांगला माणूस आहे, लांबण लावत नाही."

तिनं रायफल बाकावर ठेवली. "म्हणजे ही तुमची."

"माझी."

"शेवटची रायफल स्वतःसाठी." तिचा आवाज शांत होता, पण हात बाकाच्या कडेवर होते आणि बोटं पांढरी झाली होती. "मग सरळ सांगा ना, की तुमच्यामागे इथं कुणी नाही. कर्टिसला सांगा, आर्नेला सांगा, बिचाऱ्या जोलीनला सांगा. मला एप्रिलमध्येच सांगायचं. मी वीस वर्षं ह्या बाकावर बसले, ते काही आणखी कुठं जाता येत नव्हतं म्हणून नाही."

म्हातारा थोडा वेळ तिच्या कानाकडे बघत राहिला.

"शोटो गावच्या त्या जनावरांच्या डॉक्टरची रायफल," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यातली. तिच्या मुठीवरची जाळी कुणी पुरी केली?"

तिनं बाकाची कड सोडली.

"संध्याकाळी मी ठेवली तेव्हा रेषा भरकटल्या होत्या. मला दिसत नव्हत्या, पण अंगठ्याला कळत होत्या. सकाळी अंगठा फिरवला तर सरळ. मी म्हटलं, वा, ह्या घरात रेषा झोपेत सरळ होतात." तो खोकला. "माझी शेवटची ती. निम्मी माझी, निम्मी तुझी. ही मी करून बघितली, जमतं का म्हणून. नाही जमली."

"रीत म्हणते, शेवटची ज्याची त्याची कार्यशाळा," सोलवेग म्हणाली. "मग ती शोटोच्या डॉक्टरला द्यावी लागेल."

"विचारून बघ. तो गायींत खूश आहे."

तिला हसू येत होतं आणि ते तिला नको होतं. "मग एप्रिलपासून हे नाटक कशाला?"

"एप्रिलच्या आधी इथं कोण येत होतं?" ऑरिननं साधेपणानं विचारलं. "आता दर रविवारी येतात. पाई आणतात. कर्टिसनं मला विजेरी दिली. जोलीननं कुंपण रंगवलं. मला वाटलं, एक उन्हाळा चालू द्यावं." मग तो गंभीर झाला. "पण ते झालं. मला अजून एकदोन मोसम डोंगरावर जायचंय, सोलवेग. डाव्या डोळ्यानं, डाव्या खांद्यानं. जुनी रायफल मला होत नाही. नवी हवी. तू करून दे. खाली नाव तुझं घाल."

सोलवेगनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला. दोन स्क्रू सैल केले आणि नळी लाकडातून वर उचलून घेतली. मग दस्ता उजेडाकडे धरला. नळीसाठी कोरलेली खाच एका बाजूला इतकी सैल होती, की मधून कागदाची घडी गेली असती.

"ही खाच तुम्ही कोरलीत?"

"मीच."

"माझ्या नावावर हे बाहेर जाणार नाही."

"अक्रोडाचं लाकूड चांगलं आहे," ऑरिन म्हणाला.

"लाकूड चांगलं होतं."

घरातली मंडळी हातात पाईच्या बशा घेऊन शोधत आली, तेव्हा सकाळपासून ज्यावर त्यांनी गाल टेकले होते तो दस्ता शिकंज्यात उलटा अडकलेला होता आणि सोलवेग तो करवतीनं कापत होती. आर्नेच्या अंगात अजूनही एक कोट होता. कर्टिसच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"ती कुणाची होती?" त्यानं विचारलं.

"गिऱ्हाइकाची," सोलवेग करवत न थांबवता म्हणाली.

जोलीननं आधी तुकड्यांकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. तो कुणाकडेच सरळ बघत नव्हता. प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत होता. डावखुऱ्या माणसाला जगाची उलटी बाजू लवकर दिसते. ती हसायला लागली, हसता हसता तिचे डोळे भरले आणि बशी पडेल म्हणून तिनं ती कर्टिसच्या हातात दिली. कर्टिस आता दोन बशा घेऊन उभा होता. रीत म्हणते की, असं त्यानं सुरू केलं. थोरा आत्या म्हणाली, की रीत कापून झाली, आता तू पाई खा.

दुसरा तुकडा पडला. सोलवेगनं तो चुलीशेजारच्या सरपणात टाकला, हात झटकले आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली मापाची पट्टी काढली.

"कोट घाला, बाबा," ती म्हणाली. "आणि इथं या, उजेडात."

ऑरिन उठला. आर्नेनं आपल्या अंगातला कोट काढून बापाला चढवला. तो खांद्यांवरून ओघळत होता. म्हातारा बाकासमोर, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्यानं डावा हात पुढे धरला. तिनं पट्टी लावली.

"खांदे सरळ ठेवा."

"सरळच आहेत," ऑरिन म्हणाला.

"नाहीत," ती म्हणाली, आणि जे माप होतं तेच तिनं लिहून घेतलं.